डब्यावरचे नाव

गेल्या उन्हाळ्यात कन्येकडे न्यू जर्सीला तीन महिने राहण्याचा योग आला. तेथे शनिवारी सकाळी एखाद्या मोकळ्या पटांगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखेच ते दृश्य असते; फरक एवढाच की भाजीपाल्याऐवजी कपबशा, कंदील, खेळणी, घड्याळे असा लोकांच्या माळ्यावरून उतरलेला माल मांडलेला असतो. एका मेजावर शाळेच्या बसच्या आकाराचे, पिवळ्या रंगाचे दोन पत्र्याचे डबे शेजारी शेजारी ठेवले होते. बसच्या खिडक्यांतून मिकी माउस आणि त्याची मित्रमंडळी बाहेर डोकावत होती. दोन्ही डबे एकाच कारखान्यातले, एकाच नमुन्याचे. एकावर चिठ्ठी होती १४० डॉलरची आणि दुसऱ्यावर २५ डॉलरची.

मी चष्मा सावरून दोन्ही डबे उलटसुलट करून पाहिले. स्वस्त डब्याच्या कडांचा रंग उडाला होता, आत थर्मास नव्हता आणि तळाशी कोणीतरी खिळ्याने ‘बॉबी’ असे नाव कोरले होते. महाग डबा जणू कालच दुकानातून आणलेला. विक्रेते सत्तरीचे गृहस्थ होते. माझा गोंधळ पाहून ते हसत म्हणाले, “ज्या मुलाने डबा रोज शाळेत नेला, त्याचा स्वस्त. ज्याच्या आईने तो कपाटात ठेवला, त्याचा महाग.”

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा हिशेब सहजासहजी पचणारा नव्हता. त्यांतील काही वर्षे मी सोनेतारण कर्जाच्या मेजावर होतो. सराफ कस लावत असे. खडे, लाख, डाक वजा करून निव्वळ सोन्याचे वजन सांगत असे आणि त्यावर आम्ही कर्ज मंजूर करत असू. कारागिराने त्या दागिन्यावर किती रात्री जागवल्या याला आमच्या नोंदवहीत रकाना नव्हता. घडणावळ शून्य धरायची आणि धातू तेवढा मोजायचा, हा तारणाचा पहिला नियम. येथे नेमके उलटे होते. डब्याचा पत्रा भंगारात घातला तर चार आणे यायचे नाहीत. १४० डॉलर होते ते सगळे घडणावळीचे, आणि तेही घडणावळ अंगाला न लागलेली असल्याचे! हे शास्त्र समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. कन्येच्या गावातील ग्रंथालयात जाऊन मी त्यावर जे मिळेल ते वाचू लागलो. व्यापारी कुटुंबातील वाचकांना त्यातील बराचसा भाग रुचेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेत पूर्वी खाणीत आणि कारखान्यात जाणारे कामगार साध्या पत्र्याच्या डब्यातून जेवण नेत. मुले तंबाखूच्या किंवा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांना कडी लावून तेच शाळेत नेत. १९३५ साली मिलवॉकी येथील एका कारखान्याने मिकी माउसचे चित्र असलेला लांबट-गोल डबा परवाना घेऊन काढला. मुलांच्या आवडत्या पात्राचे चित्र रीतसर परवान्याने छापलेला हा पहिला डबा समजला जातो. पण या धंद्याला खरे वळण लागले १९५० साली. नॅशव्हिल येथील अलादीन इंडस्ट्रीज ही मूळची रॉकेलच्या दिव्यांमुळे नावारूपाला आलेली कंपनी. ती थर्मास आणि डबेही करत असे. तिची अडचण मोठी विलक्षण होती: डबे फार टिकत. एकदा घेतलेला डबा वर्षानुवर्षे मोडत नसे, म्हणून गिऱ्हाईक परत येत नसे. आपल्यापैकी ज्यांचे भांड्यांचे दुकान आहे, त्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

यावर कंपनीने काढलेला तोडगा असा. त्या वेळी दूरचित्रवाणी नुकतीच घरोघरी येऊ लागली होती आणि हॉपलॉन्ग कॅसिडी नावाचा घोडेस्वार नायक मुलांच्या गळ्यातील ताईत झाला होता. कंपनीने लाल आणि निळ्या रंगाच्या साध्या डब्यांवर त्याचे एक चित्र चिकटवले. डबा तोच, पत्रा तोच. पहिल्या वर्षात सुमारे सहा लाख डबे खपले. प्रतिस्पर्धी अमेरिकन थर्मास कंपनी स्वस्थ बसली नाही. १९५३ साली तिने रॉय रॉजर्स या दुसऱ्या घोडेस्वाराचा डबा आणला आणि त्यावर एका चित्रावर न थांबता चहूबाजूंनी रंगीत छपाई केली. पुढची तीसएक वर्षे ही स्पर्धा चालली. नवी मालिका, नवा चित्रपट, नवा गायक आला की नवा डबा. गेल्या वर्षीचा डबा धडधाकट असला तरी मुलाला यंदाचा हवा असे. टिकाऊ मालाला जुने ठरवण्याची ही युक्ती आज भ्रमणध्वनीवाले वापरतात, तेव्हा मला त्यात नवीन काही दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आपण सारेच ‘थर्मास’ म्हणतो, पण तो मुळात त्या अमेरिकन कंपनीचा नोंदवलेला व्यापारचिन्ह-शब्द. आपल्या बाटल्यांनाही अलादीनला तो शब्द वापरायचा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६३ साली वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की लहान अक्षरांतील हा शब्द आता सर्वसामान्य भाषेचा झाला आहे. नाव इतके यशस्वी झाले की मालकाच्या हातून निसटले. पेढीच्या नावाला जपणाऱ्या मंडळींनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

पत्र्याच्या डब्यांचा अंत १९८५च्या सुमारास झाला. त्या वर्षी निघालेला रॅम्बोचा डबा या परंपरेतील शेवटचा मानला जातो. मुले भांडणात डबे एकमेकांच्या डोक्यात घालतात अशी मातांनी तक्रार केली आणि त्यामुळे पत्रा गेला, ही कथा संग्राहक आवडीने सांगतात. मला त्यापेक्षा साधे कारण पटते: प्लास्टिक स्वस्त पडत होते. पत्रा गेला आणि त्यानंतर लवकरच त्याचे संग्राहक आले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्कॉट ब्रूस या गृहस्थांनी या डब्यांवर पुस्तक लिहिले, किमतींच्या याद्या निघू लागल्या आणि ज्यांच्या पाठीवर एकेकाळी दप्तर होते ती मंडळी कमावती होऊन आपले बालपण विकत घेऊ लागली. पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयातही हे डबे काचेआड गेले. जॉर्जिया राज्यातील कोलंबस गावी तर केवळ अशा डब्यांचे संग्रहालय उभे राहिले.

आता मूळ प्रश्न. किंमत कशाने ठरते?

जुनेपणाने ठरते असा आपला समज असतो. तो जवळजवळ चुकीचा आहे. ज्या पिवळ्या बसच्या डब्याने मला थांबवले, तो १९६१ साली निघाला आणि पुढे बारा वर्षे निघत राहिला. त्याचे सुमारे नव्वद लाख नग खपले असे सांगतात. इतका खपलेला दुसरा डबा नाही. म्हणून साठ वर्षांचा होऊनही तो बाजारात मुबलक, आणि म्हणूनच स्वस्त. याउलट १९५७ साली टॉपी नावाच्या हत्तीचा एक डबा निघाला. हा हत्ती कोणत्याही चित्रपटातला नव्हता. दुकानदार खरेदीवर जी बक्षीस-तिकिटे देत, तसली तिकिटे काढणाऱ्या एका कंपनीचे ते चिन्ह. मुलांना त्या हत्तीचे कसले अप्रूप असणार? डबा फारसा गेला नाही. जो माल त्या काळी पडून राहिला, त्यालाच आज हजारो डॉलर मोजणारे आहेत. १९५४च्या सुपरमॅनच्या डब्याचीही गणना सर्वांत महागड्यांत होते, आणि १९६३च्या ‘जेटसन्स’ मालिकेचा घुमटी झाकणाचा डबा थर्माससह चांगल्या स्थितीत असेल तर हजार डॉलरच्या पुढे जातो. ती मालिका त्या वेळी एकच हंगाम चालली होती. नफ्याचा आणि दुर्मिळतेचा असा व्यस्त संबंध मी अन्यत्र पाहिला नाही.

परंतु दुर्मिळतेपेक्षाही संग्राहक ज्यावर अडून बसतात ती गोष्ट म्हणजे स्थिती. याचे कारण डबा बनवण्याच्या पद्धतीत आहे. पोलादी पत्रा सपाट असतानाच त्यावर चित्र छापले जाई, वर रोगण दिले जाई आणि मग तो कापून, वाकवून, दाबून डब्याचा आकार येई. १९६०च्या दशकात चित्रे उठावाची काढण्याची पद्धत रूढ झाली. जेथे पत्रा वाकतो किंवा उठतो, तेथे रंगावर ताण जन्मापासूनच असतो. बाकावर, जमिनीवर, भिंतीवर घासला की आधी तेथलाच रंग जातो. एकदा गेलेली छपाई परत येत नाही. कोणी हाताने रंग भरला तर किंमत वाढण्याऐवजी घटते. जाणकार अतिनील दिव्याखाली डबा धरतात आणि नवा रंग वेगळा चमकून उठतो. म्हणून ते आधी कडा पाहतात, मग बिजागरी आणि खिट्टी, मग आत गंज आहे का ते, मग कडी मूळची आहे की बदललेली. शेवटी थर्मास. त्याच्या आतील काच पहिल्याच शैक्षणिक वर्षात फुटत असे, म्हणून जोडीचा, त्याच चित्राचा, टोपी आणि बुचासह शाबूत थर्मास मिळाला तर तो कधी कधी डब्याच्या बरोबरीचे पैसे खेचतो.

डब्याच्या कडेवर बारीक अक्षरांत निर्मात्याचे नाव आणि एक वर्ष छापलेले असते. हे वर्ष चित्राच्या हक्काचे असते, डबा त्याच वर्षी बनला असे नव्हे. नवखे येथे फसतात. अलीकडे जुन्या चित्रांच्या नकलाही निघाल्या आहेत. त्या बहुधा मूळ डब्यापेक्षा लहान असतात आणि आतून नको इतक्या स्वच्छ.

यात पैसे गुंतवावेत का, असे कोणी विचारील तर बँकेतला माणूस म्हणून माझे उत्तर नाही असे आहे. या वस्तूला ना व्याज, ना भाडे. तिची मागणी एका पिढीच्या आठवणीवर उभी असते. हॉपलॉन्ग कॅसिडी ज्यांनी डोळे विस्फारून पाहिला ती मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या नातवंडांना तो घोडेस्वार कोण हे ठाऊक नाही. ज्या तारणाला ओळखणारे लोक दरवर्षी कमी होतात, त्यावर मी कर्ज मंजूर केले नसते.

पुढच्या शनिवारी मी बाजारात गेलो आणि २५ डॉलर देऊन बॉबीचा डबा घेतला. कन्येने विचारले, “बाबा, तो दुसरा का नाही घेतलात?” मला नीट उत्तर देता आले नाही. त्याचे कारण न्यू जर्सीत नव्हते, सांगलीत होते.

आमच्या वडिलांचे, अण्णांचे, सांगलीला गुळाचे आणि हळदीचे आडत दुकान होते. घरात रात्रीचे जेवण सूर्यास्ताच्या आत उरकण्याचा नियम आणि हंगामात दुकान सोडता येत नसे, म्हणून संध्याकाळचा डबा घरून जाई. पावणेपाच वाजले की आई तीन खणांचा पितळी डबा भरून माझ्या किंवा थोरल्या बंधूंच्या हाती देई आणि म्हणे, “उन्हं उतरायच्या आत पोच.” खालच्या खणात आमटी, मधल्यात भाजी, वर दशम्या. दोन्ही बाजूंनी कडी आणि वर अडकवायची खिट्टी. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी अण्णांचे नाव आणि दुकान सुरू केल्याचे साल ठोकलेले होते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते ते हरवू नये, लग्नाकार्याच्या गर्दीत परत आपल्याच घरी यावे म्हणून. दर वर्षी-दीड वर्षाने गल्लीत कल्हईवाला येई. भट्टीत भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात ती चांदी सगळीकडे फिरवायची. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट कळकते हे त्या काळी पोरासोरांनाही ठाऊक होते.

१९८१ साली मी बँकेत नुकताच अधिकारी झालो होतो. एम.कॉम.ची पदवी ताजी होती. दिवाळीच्या आधी आईला मी हिशेब मांडून दाखवला: घरातील पितळ इतके किलो, मोडीचा भाव इतका, कल्हईचा वार्षिक खर्च इतका, त्यात स्टेनलेस स्टीलचा पूर्ण संच येतो आणि वर पैसे उरतात. हिशेब बिनचूक होता. आई म्हणाली, “तुला कळतं त्यातलं.” दोन पोती पितळ भांड्यांच्या दुकानात तराजूवर चढले. अण्णा वारून तेव्हा तीन वर्षे झाली होती. “डबाही दिलास ना?” असे मी विचारल्याचे मला आठवते, आणि तिने मान हलवल्याचेही.

आई २००३ साली गेली. वहिनींनी तिची ट्रंक उघडली तेव्हा नऊवारी लुगड्यांच्या खाली तो डबा निघाला. तीनही खण, झाकण, कडी, सगळे जागच्या जागी. बावीस वर्षे तिने तो माझ्यापासून लपवून ठेवला होता. त्या दिवशी कोणी मला काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

या वर्षी अमेरिकेहून परतलो तो जुनी वखार विकण्याचे घाटत होते. माळ्यावरील सामानाची यादी करायला दादांनी मला बोलावले. जुन्या वस्तू घेणारे एक व्यापारी आले होते. डबा त्यांनी हातात घेऊन तोलला आणि म्हणाले, “साहेब, वजनावर घेणारा हजार-बाराशे देईल. मी साडेचार हजार देतो. हॉटेलवाल्यांना शोभेला असे डबे लागतात.” मग अंगठ्याने नावावरून हात फिरवत पुढे म्हणाले, “हे मात्र बफला लावून काढावं लागेल. दुसऱ्याचं नाव कोण घेणार?”

न्यू जर्सीतल्या त्या विक्रेत्यांचे आणि यांचे एकमत झालेले पाहून मला हसू आले. बाजाराच्या दृष्टीने दोघेही बरोबर होते. नाव म्हणजे वापराची खूण, आणि वापर म्हणजे घट. दादांनी माझ्याकडे पाहिले. घरात किमतीचा विषय निघाला की अजूनही माझ्याकडेच पाहतात. मी त्या व्यापाऱ्यांना चहा दिला आणि तराजू, जुनी मापे, दोन हंडे असा बाकीचा सौदा करून टाकला. डबा यादीतून काढला.

पुतण्या आता मार्केट यार्डात बसतो. त्यालाही हंगामात संध्याकाळी उठता येत नाही. आजवर तो प्लास्टिकचा डबा नेत असे. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, कल्हई करून आणा, मी भरून देते.” संग्राहक मंडळी ऐकतील तर कपाळाला हात लावतील. अशा वस्तूला जाणकार कल्हई करू देत नाहीत, काळपट झालेले पितळही उजळू देत नाहीत. जुनेपणाची छटा हीच त्यांच्या लेखी किंमत. हे सगळे वाचून आलेलो असतानाही मी डबा पिशवीत घातला.

सांगलीत चौकशी केली तर कल्हई करणारा कोणी सापडेना. शेवटी मिरजेला एका बोळात एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांनी तिन्ही खण तपासले, मधल्या खणाच्या काठाला पोचा होता तो लाकडी हातोडीने बसवून दिला आणि नावावरून बोट फिरवून विचारले, “गुळाचे अण्णा ना? त्यांचा डबा माझ्या बापानं कल्हई केलाय.” खरे होते की नाही, कोण जाणे. कल्हईचे त्यांनी साडेतीनशे रुपये घेतले. वरचे झाकण अजून थोडे सैल बसते; पुतण्या त्याला रुमाल बांधून नेतो.